मापमावशीची सही

मापमावशीकडे गेलं की आधी बूट काढायचे, मग मोजे काढायचे आणि मग गप्प बसायचं. ती समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून पावलांकडे नुसती बघत राहायची. नवख्याला वाटायचं, बाईला काही सुचत नाहीये. तेवढ्यात ती म्हणायची, "डावा पाय मोठा आहे तुझा. आणि चालतेस ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर. लहानपणी थोरल्या बहिणीचे जुने बूट घालून फिरलीस ना?" मुलगी आईकडे बघायची आणि आई छताकडे.

बर्फाच्या रिंकच्या जिन्याखाली तिची खोली होती. खोली म्हणजे काय, एक लांबट कोनाडा. एका भिंतीला स्केटची खोकी छतापर्यंत लावलेली, दुसरीकडे पात्यांना धार लावायचं यंत्र, कोपऱ्यात बूट गरम करायची छोटी भट्टी. वर जिन्यावरून पोरं धडधडत उतरली की खोकी हलायची. बर्फावरच्या हॉकीसाठी त्या शहरात जे कोणी स्केट विकत घेई, ते बहुतेक तिच्या हातून. मापं काढते म्हणून मापमावशी. माप काढण्यावरून जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे तिच्यावर करून झाले होते, आणि त्यातले निम्मे तिने स्वतःच केले होते.

तिचं शास्त्र साधं होतं. नेहमीच्या बुटाच्या नंबरावर जाऊ नका, स्केट त्याहून एक-दीड नंबर लहान लागतो. बूट घालून, टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. सरळ उभं राहिलं की बोटं पुढच्या टोकाला नुसती टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच अजिबात उचलली जाता कामा नये. मग ती कानामागची पेन्सिल काढून नाडीच्या भोकांच्या वरून तिसऱ्या जोडीवर आडवी ठेवायची. पेन्सिल दोन्ही कडांवर सपाट बसली तर ठीक. पावलाच्या उंचवट्यावर टेकून डुगडुगली तर बूट त्या पायासाठी उथळ. तो कितीही महागाचा असो, तिथे नाडी पायाला चावणार म्हणजे चावणारच. त्यानंतर बूट उलटा करून पात्याच्या बैठकीची एकेक रिबीट अंगठ्याने दाबून बघायची, कारण तिच्या मते बूट मरायला लागतो तो खालून.

एकदा एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. म्हणाले, "दोन नंबर मोठेच द्या. दोन वर्षं पुरायला हवेत."

"मग दोन वर्षांनी आणा तिला," मावशी म्हणाली.

तिचे वडील याच जिन्याखाली बूट दुरुस्त करायचे. ती अकरा वर्षांची असताना ते गेले. आई त्याआधीच गेलेली. राहिला थोरला भाऊ, एकोणीस वर्षांचा, शहराच्या संघात नुकताच घेतलेला. त्याने खेळ सोडला, गोदामात नोकरी धरली आणि बहिणीला वाढवलं. तिच्या शाळेत पालकांच्या सभेला तोच जायचा. बायकांच्या रांगेत अवघडून बसायचा आणि तिच्या गणिताच्या गुणांवरून बोलणी खायचा. पुढे ती हाताशी आल्यावर तो रिंकवर परतला, पण आता प्रशिक्षक म्हणून. मुलींचा संघ त्यानेच उभा केला. वडिलांची खोली तिला मिळावी म्हणून रिंकच्या समितीच्या दारात त्यानेच खेटे घातले. तिच्या लग्नातही तोच पुढे होता. नवरा रिंकवरचाच, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवणारा. तर दादाचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काय होता, ते यावरून समजावं. ती त्याच्याशी भांडत असे, पण ते जेवणात मीठ कमी पडलं की भांडावं तसं. खरोखरीची नाही म्हणायची वेळ चाळीस वर्षांत कधी आली नव्हती.

ती वेळ आली त्या वर्षी समितीने मुलींच्या संघाला पहिल्यांदाच नवे स्केट मंजूर केले. अठरा जोड. तोवर या मुली पुरुषांच्या संघाने टाकलेले, घोट्याजवळ मऊ पडलेले बूट चिंध्या कोंबून वापरत. दादा त्या दिवशी जिन्याखाली आला तो लहान मुलासारखा फुललेला होता. हातात एक चकचकीत बूट.

"बघ. राष्ट्रीय संघातले लोक हा घालतात. हाच घेतोय, अठराच्या अठरा."

मावशीने बूट हातात घेतला, घोट्याशी दोन्ही अंगठ्यांनी दाबला. तो तसूभरही वाकला नाही.

"दादा, हा नव्वद किलोच्या माणसासाठी आहे. आपल्या निम्म्या मुलींचा घोटाच यात वाकणार नाही. आणि पुढून अरुंद आहे. सगळ्यांना एकच कसा घेतोस?"

"टिकाऊ आहे. पाच वर्षं हलणार नाही."

"बूट नाही हलणार. आतल्या पायाचं काय?"

"मग मापं घे की."

"घेते. आठवडा लागेल. एकेकीला बसवावं लागतं."

"आठवडा कुठला? शुक्रवारपर्यंत मागणी गेली नाही तर मंजुरी रद्द होते. विक्रेत्याकडे हे अठरा जोड तयार आहेत. मी मुलींच्या बुटांचे नंबर लिहून घेतलेत, त्यातून एकेक वजा केलाय." आणि त्याने खिशातून कागद काढला. समितीचा छापील नमुना होता. 'प्रत्येक खेळाडूच्या पायाचे प्रत्यक्ष माप घेऊन स्केट निवडले आहेत', आणि खाली सहीची रेघ. "इथे तुझी सही लागते."

तिने कागद दिव्याखाली धरून पुन्हा वाचला.

"माझ्या मुली आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायातले उतरलेले घालून खेळल्या गं," तो म्हणाला. आवाज जरा हलला होता. "एकदा तरी कोरे खोके उघडू देत त्यांना."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. असती तर तिला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. तिने कानामागची पेन्सिल काढली, मग शाईचं पेन लागतं हे आठवून ड्रॉवर धुंडाळला आणि सही केली.

बूट आले त्या दिवशी मुलींनी खोली डोक्यावर घेतली. मावशी सकाळपासून भट्टीपाशी होती. एकेक जोड गरम करायचा, मऊ आहे तोवर पायात चढवायचा, नाड्या ओढायच्या आणि मुलीला पंधरा मिनिटं न हलता बसवायचं, म्हणजे बूट पायाचा आकार घेतो. अकरा जणींचं कसंबसं जमलं. सात जणींचं जमल्यासारखं झालं. त्या सातांतली शेवटची होती ती कुलूप.

कुलूप एकोणीस वर्षांची, संघाची बचावपटू. तिच्या बाजूने कोणी पुढे जात नसे म्हणून मुलींनी ते नाव ठेवलेलं; आणि तोंडही क्वचितच उघडायची, म्हणून ते चिकटलं. तिची आई बस चालवायची. मावशीशी मात्र कुलूप बोलायची. सरावानंतर जिन्याखाली येऊन खोक्यावर बसायची, पात्यांची धार लावताना उडणाऱ्या ठिणग्या बघत, "ए मावशी, तुला कंटाळा नाही येत?" असलं काहीबाही विचारत.

तिचं पाऊल मावशीला तोंडपाठ होतं. टाच निमुळती, चवडा पंख्यासारखा पसरलेला, वरचा उंचवटा टेकडीएवढा. नव्या बुटात लांबी बरोबर होती आणि बाकी सगळं चूक. पेन्सिल ठेवली, ती एका बाजूला कलंडली. पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली.

"मावशी, हे एवढं दुखतं का? असंच असतं?"

दारात दादा उभा होता, हातात शिटी घेऊन, सगळ्यांकडे कौतुकाने बघत. मावशीने पेन्सिल एप्रनच्या खिशात टाकली.

"नवा आहे," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत पायाला ओळखेल."

आयुष्यात शेकडो लोकांना जे वाक्य बोलू नका म्हणून तिने दटावलं होतं, ते तिच्याच तोंडून बाहेर पडलं. ज्या बुटाची पेन्सिल डुगडुगते तो पंधरा दिवसांत काय, पंधरा वर्षांतही पायाला ओळखत नाही.

कुलूप दोनदा परत आली. एकदा मावशीने ताणायच्या यंत्रावर बूट पुढून रुंद केला, एकदा आतला तळवा काढून पातळ घातला. त्याने चवड्याला थोडी जागा झाली, पण उंचवट्यावरचा दाब काही हटेना. "बोटं बधिर होतात," कुलूप म्हणाली. मावशी म्हणाली, "बघू, दादाशी बोलते." दादाशी बोललीही. तो म्हणाला, जुने बूट लहान मुलींना वाटून टाकलेत, आता स्पर्धेपर्यंत काढू कसंतरी, मग बदलू. तिने मान हलवली. तिसऱ्यांदा कुलूप आलीच नाही. मावशीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज पुढचा आठवडाभर गेली नाही.

स्पर्धेच्या उपांत्य सामन्याच्या दुपारी ती कठड्याशी उभी होती. मुली बर्फावर चकरा मारत होत्या. कुलूप समोरून गेली तेव्हा मावशीने पाहिलं: उजव्या बुटाची वरची दोन भोकं मोकळी. नाडी खालीच बांधलेली. चावणाऱ्या जागेवरचा ताण कमी करायला पोरीने स्वतःच शोधलेली युक्ती होती ती. पण त्या दोन भोकांवरच घोट्याचा सगळा आधार असतो. मावशी खेळाडूंच्या बाकाकडे गेली. दादा मुलींना गोळा करून शेवटचं काही सांगत होता, कपाळावर घाम, बोलता बोलता हातवारे. तिला वाटलं, या घडीला मध्ये तोंड घालणं बरं नाही. बोलणं संपलं की सांगू. बोलणं संपलं आणि शिटी झाली.

दुसऱ्या सत्रात समोरची एक मुलगी वेगाने अंगावर आली. कुलूप उलटी मागे सरकत होती. तिने तिला बाहेर रेटण्यासाठी उजव्या पायावर वळण घेतलं, आणि घोटा बुटातल्या बुटात आत मुडपला. तिला कोणी ढकललं नाही, कोणाची काठी लागली नाही. ती तशीच घसरत, पाय पुढे, कडेच्या फळीवर जाऊन आदळली. उठायचा प्रयत्न तिने एकदा केला. मग बर्फावर गाल टेकून पडून राहिली.

इस्पितळात डॉक्टर पोरगेलेसे होते, पण कामाचे पक्के. घोटा दोन ठिकाणी मोडला होता, त्याचं ते म्हणाले, जुळेल. पण पावलाच्या पाठीवर, नाडीच्या जागी, काळा-निळा पट्टा होता, तो पडल्यामुळे झालेला नव्हता. त्यांनी पिनेच्या टोकाने बोटांना टोचून बघितलं. कुलपाला काही कळलं नाही.

"हे बधिर कधीपासून आहे?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे?" तिची आई बसचा गणवेश न बदलताच आली होती. "आणि मला नाही सांगितलंस?"

"मापमावशीला सांगितलं होतं," कुलूप म्हणाली.

मावशी आईच्या मागेच उभी होती, हातात सफरचंदांची पिशवी. आईने वळून पाहिलं. पिशवी घेतली, खाटेखाली ठेवली आणि पुन्हा लेकीकडे वळली. मावशीला वाटलं, त्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं.

डॉक्टरांनी नंतर बाहेर बोलावून सांगितलं की नस दबून दबून दुखावली आहे. काही परत येईल, सगळं येईल असं नाही. खेळायचं म्हणाल तर आत्ता विचारू नका.

समितीने चौकशी लावली. अध्यक्ष होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर पन्नाशीची माणसंही खुर्चीत सरळ बसत. चौकशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दादा मावशीच्या घरी आला. चहा घेतला नाही. कपाच्या कानाशी चाळा करत राहिला.

"तिने नाड्या मोकळ्या सोडल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलंय," तो म्हणाला. "खेळाडूचा निष्काळजीपणा. कागदोपत्री मापं घेतलेली आहेत, तुझी सही आहे. तू फक्त सही माझी आहे एवढं म्हण. पुढचं मी बघतो."

"नाड्या तिने का मोकळ्या सोडल्या, ते विचारतील ना."

"विचारतील तर विचारू दे. तुला काय माहीत? तुला काही माहीत नाही." मग खालच्या आवाजात, "मुलींचा संघ बंद करायला टपलेत समितीतले दोघं. हे निमित्त झालं तर सतरा जणींचं नुकसान. एकीसाठी सतरा?"

तो गेल्यावर तिने दाराला कडी लावली. नवरा आतून सगळं ऐकत होता. तो मितभाषी माणूस. बर्फावरच्या गाडीत तासाला बारा किलोमीटरच्या वेगाने आयुष्य काढलं म्हणायचा.

"मी काय करू?" तिने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं." त्याने टेबलावरचा न प्यालेला चहा उचलून बेसिनमध्ये ओतला. "पण उद्या तिथे खोटं बोललीस तर परवा त्या स्टुलावर बसता येईल का तुला? तुझं तूच बघ."

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. टेबलावर तो कागद. दादाने आपलं म्हणणं नीट मांडलं. आवाज चढवला नाही, कुलपाबद्दल वाईट बोलला नाही, फक्त नाड्यांवर बोट ठेवलं. मग अध्यक्षबाईंनी कागद मावशीपुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे मापं घेतली होती."

दादा खिडकीबाहेर बघत होता. मावशीला त्याचे कानाजवळचे पांढरे झालेले केस दिसत होते.

"नाही," ती म्हणाली. "एकीचंही घेतलं नव्हतं. बुटांचे नंबर विचारून मागणी गेली. मला ते माहीत होतं, तरी सही केली. बूट आल्यावर सात जणींना बसत नव्हते, तेही कळलं होतं. त्या मुलीने मला तीन वेळा सांगितलं, दुखतं म्हणून. मी तिला सांगितलं, सवय होईल. सामन्याच्या दिवशी नाड्या मोकळ्या दिसल्या, त्याही मी पाहिल्या. तिने त्या का सोडल्या ते मला कळतं, कारण तो बूट तिचा नव्हताच. तिचा काही दोष नाही."

कोणीतरी खोकलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही सही का केली?"

याचं उत्तर देण्यासाठी तिला अकराव्या वर्षापासून सुरुवात करावी लागली असती. ती म्हणाली, "चुकलं माझं."

निकाल आठवड्यात लागला. उरलेल्या सहा जणींचे बूट बदलायचे. दादाला एक हंगाम संघापासून दूर राहायचं. मुलींचा संघ चालू राहील. मावशीने खोली महिनाअखेर रिकामी करायची.

जिन्यापाशी दादा तिला भेटला. ती काही म्हणायच्या आत त्याने हात वर केला. "कोणी विचारलं तर सांगेन, मला एक बहीण होती." एवढंच बोलून तो एकेक पायरी मोजल्यासारखा वर चढून गेला. वहिनीने फोनवर ऐकवलं ते वेगळं. घरचं घरात राहिलं असतं, आपलेच दात आपलेच ओठ, ज्या भावाने हाताला धरून मोठं केलं त्यालाच सगळ्यांसमोर खाली बघायला लावलंस. मावशीने फोन कानाशी धरून ठेवला. वहिनीचं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

खोली रिकामी करायच्या आधी ती कुलपाच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. कुलूप आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती. दार ढकललेलं होतं, उघडं नव्हतं. आईने बसायला खुर्ची दिली.

"समितीतलं समजलं मला," आई म्हणाली. "तुम्ही खरं बोललात. माझ्या पोरीवर खापर फुटणार होतं, ते वाचलं. त्याबद्दल बरं वाटलं, खोटं कशाला बोलू." ती बोलता बोलता धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "पण टेबलापाशी बसलेल्या पाच जणांना जे सांगितलंत ना, ते तिने विचारलं तेव्हा तिला सांगायला काय हरकत होती? तेव्हा तर खोलीत नुसती ती होती."

मावशीच्या तोंडाशी आलं की दारात दादा उभा होता. तिने ते गिळलं.

"तिला भेटू का?"

आईने आत जाऊन विचारलं. बाहेर येऊन म्हणाली, "झोपलीय." आणि आतून त्याच वेळी कूस बदलल्याचा आवाज आला.

पुढचे नऊ महिने मावशीने लाँड्रीच्या दुकानात अर्ध्या काउंटरवर बूट-चपला, पिशव्यांच्या चेन दुरुस्त करायचं काम केलं. लाँड्रीवाला भला माणूस होता, पण वाफेने तिथे सदा दमट असायचं; थंडीत उभं आयुष्य काढलेल्या बाईला ते मानवेना. रिंकवर ती गेली नाही. नवरा संध्याकाळी घरी येऊन विचारलं तर सांगायचा, नाही विचारलं तर गप्प बसायचा. त्याच्याकडूनच कळलं की कुलूप आता काठी न घेता चालते, उजवा पाय जरा टाकत. की नव्या वर्षी मुलींचा संघ पहिल्याच फेरीत हरला. की दादा परत आला, पण ओरडत नाही पूर्वीसारखा.

एका दुपारी काउंटरसमोर कुलूप येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं.

"लहान मुलींना शिकवायचं काम देतायत मला," ती म्हणाली. "सहा-सात वर्षांच्या. स्केट लागतील. तुम्ही बघून द्याल का?"

तुम्ही. मावशीने ते ऐकलं आणि हातातला टाका पुरा केला.

लाँड्रीवाल्याने मागे इस्त्रीच्या टेबलाजवळ जागा करून दिली. कुलपाने मोजे काढले. पाऊल तेच होतं आणि तेच नव्हतं. उजव्या घोट्यावर शिवणीचे व्रण, तो भाग डाव्यापेक्षा जाड. करंगळीकडची बोटं जमिनीला पुरती टेकत नव्हती. मावशीने विचारलं, "हात लावू?" पूर्वी तिने हे कधी कोणाला विचारलं नव्हतं. कुलपाने मान डोलावली.

तिने दोन्ही पायांची बाह्यरेषा कागदावर काढली, लांबी घेतली, चवड्याचा घेर घेतला, उंचवट्यावरून टेप फिरवला. मग एकेका बोटाला हात लावून विचारलं, "इथे कळतं? इथे?" दोन ठिकाणी कुलूप नाही म्हणाली.

"आज घेऊ नकोस," मावशी म्हणाली.

"का? पुढच्या सोमवारी सुरू करायचंय मला."

"घोट्याला अजून सूज येते. सकाळी वेगळा, आत्ता वेगळा. आज जो बूट बसेल तो सूज उतरली की आत हलेल, आणि बोटांना कळत नाही म्हणून कुठे घासतंय ते तुला समजणारही नाही. रक्त मोज्याबाहेर आल्यावर कळेल. सहा आठवडे थांब. डॉक्टरांना विचार, त्यांचं लेखी आण."

"पुन्हा सहा आठवडे," कुलूप म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तेव्हा सगळं चालवून घेतलंत, आणि आता मी स्वतः मागतेय तर नाही म्हणताय?"

"हो."

कुलूप मोजे हातात घेऊन, बूट तसेच पायात सरकवून निघून गेली. लाँड्रीवाला म्हणाला, "गेलं की गिऱ्हाईक." मावशी म्हणाली, "जाऊ दे."

सात आठवड्यांनी ती आली, डॉक्टरांचा कागद घेऊन. मावशीने तीन विक्रेत्यांना फोन केले होते; एकाकडून चार जोड बघायला मागवून घेतले. सगळ्यांत महागाचा तिने खोक्यातून काढलाही नाही. मधल्या प्रतीचा, घोट्याशी थोडा मुडपणारा, पुढून रुंद, वरून खोल असा एक निघाला. डाव्याला बरोबर बसला. उजव्याला अर्धा नंबर मोठा लागत होता. विक्रेता म्हणाला, जोड फोडून देणार नाही. मावशी त्याच्याशी फोनवर वीस मिनिटं भांडली; शेवटी तो वैतागून म्हणाला, "न्या बाई, न्या." बोटांना जाणीव नाही म्हणून आत मऊ अस्तर बसवलं. आणि रोज बर्फावरून उतरल्यावर आतला तळवा काढून वाळवायचा, पाय उजेडात धरून बघायचा, लाल दिसलं तर त्याच दिवशी यायचं, हे सगळं तिने कुलपाला पाठ म्हणायला लावलं.

"आणि एक," ती म्हणाली. "पूर्वीसारखं वळता येणार नाही तुला यात. कुठल्याच बुटात येणार नाही. हे माझ्याकडून ऐकून ठेव."

"माहीत आहे," कुलूप म्हणाली. "पण कोणी म्हणत नव्हतं. सगळे आपले म्हणतात, होईल होईल."

पहिल्या शिकवणीच्या दिवशी मावशी रिंकवर गेली. आत शिरताना गारठ्याने डोळ्यांना पाणी आलं. ती सगळ्यांत वरच्या रांगेत बसली. खाली दहा-बारा लहान मुली खुर्च्या ढकलत चालायला शिकत होत्या, पडत होत्या आणि पडून हसत होत्या. कुलूप त्यांच्यामध्ये उभी होती, वजन डाव्या पायावर. समोरच्या दारातून दादा आला. हातात शंकूंची चळत होती. त्याने वर पाहिलं, बहीण दिसली, आणि तो शंकू मांडायला वळला. त्यातला एक शंकू दोनदा निसटला. तो वाकून उचलताना पाठीला हात लावत होता हे तिने पाहिलं. आधी तो तसं करत नसे. ती उठून खाली गेली नाही, आणि त्यानेही पुन्हा मान वर केली नाही.

कुलूप एका रडणाऱ्या मुलीपाशी कशीबशी गुडघा टेकून बसली. तिच्या बुटाची नाडी पूर्ण सोडली, बूट काढला, टाच धरून पाऊल बघितलं. मग दादाला हाक मारून काहीतरी म्हणाली. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. दादाने खिशातून कागद काढला आणि लिहून घेतलं.

चारला लाँड्रीत एक बाई पावसाळी बूट घेऊन यायची होती. मावशी सव्वातीनला उठली.